बंद फ्लॅट, फिनाईल आणि एक फॉरवर्ड

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. एकटा राहणारा माणूस बंद फ्लॅटमध्ये वारला आणि ते काही दिवसांनी कळलं, तर काय करायचं याच्या त्यात सूचना आहेत. मृतदेहामुळे बिल्डिंगभर साथ पसरते, म्हणून फ्लॅट ताबडतोब धुवून घ्या. ब्लीचिंग पावडर, ॲसिड, फिनाईल आणि सोसायटीचा सफाईवाला पुरे. 'स्पेशल क्लीनिंग'वाले नुसते लुटतात. यातलं शेवटचं तेवढं अर्धं खरं आहे.

"साथ पसरते." भिंतीपलीकडे वास येतो, साथ येत नाही. मृतदेहांमुळे रोगराई पसरते ही भीती बहुतेक वेळा निराधार असते, हे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगतेय. धोका असतो तो रक्त आणि शरीरातले द्रव हाताळणाऱ्याला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. म्हणजे चार पैसे हातावर ठेवून ज्याला उघड्या हातांनी आत पाठवायचं, धोका नेमका त्यालाच.

"ताबडतोब धुवा." आधी पोलीस. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. त्यांनी जागा मोकळी करून देईपर्यंत बादलीला हात लावायचा नाही.

"ब्लीचिंग, ॲसिड, फिनाईल." ब्लीचिंगवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. देह कुजताना अमोनिया तयार होतो. ब्लीचशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन, तोही फुप्फुसांना घातक. बरं, घाणीवरच ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं. आधी सगळं काढायचं, पुसायचं, निर्जंतुकीकरण त्यानंतर. फिनाईल मुख्यतः वासावर वास चढवतं.

पण खरं दुखणं फरशीच्या खाली असतं. द्रव गादीतून, प्लायच्या बेडमधून लाद्यांच्या सांध्यांत उतरतो आणि खालच्या सिमेंट-वाळूच्या थरात मुरतो. वरून कितीही धुवा, हवा दमट झाली की वास परत हजर. म्हणून जाणकार गादी-प्लाय घट्ट बंद पिशव्यांत भरून बाहेर काढतात, लागलं तर लाद्या उखडून खालचा थर काढतात, स्लॅब सुकवून त्यावर सीलर मारतात. वास मारणारं ओझोन मशीन सगळ्यांत शेवटी, तेही रिकाम्या खोलीत. नुसतं मशीन लावून "झालं, साहेब" म्हणणारा म्हणजे फिनाईलवाल्याचा महागडा भाऊ.

"लुटतात." काही जण लुटतातच. कॅलिफोर्नियात या कामासाठी सरकारदरबारी नोंदणी लागते. जपानमध्ये २०२४ साली एकटे राहणारे ७६,०२० लोक घरात मृत आढळले. तिथे हा वेगळा व्यवसायच उभा राहिलाय. आपल्याकडे डीप क्लीनिंगवाला एका रात्रीत 'बायोहझार्ड एक्स्पर्ट' होतो. तेव्हा वारसांना विश्वासात घ्या आणि कोटेशनमध्ये लिहून मागा: काय उखडणार, काढलेलं सामान कुठे नेणार, कामगारांना हातमोजे आणि वायू अडवणारा मास्क कोण देणार, आणि महिन्याभराने वास आला तर पुन्हा येणार का?