गुडघा न वाकवता उतरायचं म्हणे!

परवा सिडकोत ताईकडे गेले, तर भाची स्वयंपाकघरात बॅलेच्या उड्यांचा सराव करत होती. उतरताना गुडघे काठीसारखे ताठ. धप्प! मांडणीतली ताटं खणखणली. विचारलं तर म्हणते, "मावशी, आईच्या भिशीच्या ग्रुपवर आलंय, गुडघा वाकवला की झिजतो."

तो फॉरवर्ड मलाही तीनदा आलाय. उड्यांनी गुडघ्यातलं वंगण संपतं, उंची खुंटते, बॅलेवाल्या मुलींचे गुडघे तिशीत बदलावे लागतात. आणि उपाय काय, तर उतरताना गुडघा वाकवू नका!

वंगणाचं आधी. गुडघा म्हणजे स्कूटर नव्हे. सांध्याच्या आतलं अस्तर ते द्रव सतत तयार करत असतं, आणि हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला त्यातूनच, हालचालीमुळे, पोषण मिळतं. उंचीचं तर सोडूनच द्या, व्हॉलीबॉलच्या पोरी बघा.

पण तो 'उपाय' लिहिणाऱ्याला खरंच धरून विचारावंसं वाटतं. झाडावरून टाकलेली कैरी आपण ओढणीत का झेलतो? ओढणी खाली जाते, धक्का मुरतो. फरशीवर पडली की फुटते. गुडघ्याचंही तेच. आधी बोटं, मग टाच, मग गुडघा पावलाच्या रेषेत वाकवत खाली. बॅलेत याला प्लिए म्हणतात आणि ते पहिल्या दिवसापासून घोटून घेतात. ताठ पायावर उतरलं की सगळा दणका थेट सांध्यावर.

'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये 2008 साली आलेला अभ्यास बघा. 298 व्यावसायिक नर्तक, पाच वर्षं, आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटल्याच्या फक्त 12 केसेस. त्यातल्याही बहुतेक उडीनंतर एका पायावर उतरताना. म्हणजे कसं उतरता, तिथेच सगळं आहे. आणि हे महाशय नेमकं तेच बिघडवायला सांगतात!

आता एक मान्य करते, नाइलाजाने. वाढत्या वयात फार उड्या मारल्या की वाटीखाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतं. ऑसगूड-श्लॅटर म्हणतात त्याला. उड्या कमी कराव्या लागतात, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. बॅलेत पावलं बाहेर वळवायची असतात, ती खुब्यातून न वळवता गुडघ्यातून पिळली, तरी गुडघा बोंब मारणारच.

आणि जमीन. भाचीच्या क्लासमध्ये लाद्यांवर नुसतं पातळ विनाइल अंथरलंय, खाली धक्का मुरवणारी लवचीक लाकडी जमीन नाहीच. ताईला म्हटलं, भांडायचंच असेल तर त्यावरून भांड.