पेटी कुठून आली, हेही विचारू या

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सध्या एक संदेश फिरत आहे. आपल्या वाडवडिलांची उपासना शतकभर जशीच्या तशी चालत आली, गिटार आणि ड्रम या परकीय वाद्यांनी ती बिघडवली आणि म्हणूनच मंडळीची भक्ती आटली, असे त्याचे म्हणणे आहे. लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

उपासना कधी बदललीच नाही, हे पहिले विधान इतिहासाला धरून नाही. लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले आणि पुढे ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. एकाच गावातील मंडळीने उपासनेच्या दोन रीती पाहिल्या. कॅथलिकांकडे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिल्यावर काही वर्षांतच लॅटिन मिस्सा, म्हणजे लॅटिन भाषेतली मुख्य उपासना, मागे पडली आणि वेदीकडे तोंड करणारे धर्मगुरू लोकांकडे वळले.

‘परकीय’ या शब्दाविषयी अधिक बोलायला हवे, कारण संदेशात ‘आपली’ म्हणून गौरवलेली पेटी मुळात युरोपातली आहे. हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले. हाताने भाता चालवायची, मांडी घालून वाजवायची पेटी नंतर कलकत्त्यात घडली. १९४० मध्ये आकाशवाणीने ती वर्ज्य ठरवली आणि ती बंदी तीन दशके टिकली. उलट १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स इंग्रज होते. इंग्रजी गीतांची भाषांतरे गाणाऱ्या मंडळ्यांना ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजने दिली, तेव्हा तीही नवीनच होती.

कन्नड गीतांविषयी संदेशात ओझरती तक्रार आहे. ज्या मंडळीत धारवाडकडच्या सुना आहेत, तिथे त्यांच्या भाषेतले एखादे गीत असणारच.

भक्ती आटल्याच्या म्हणण्यात मात्र मला तथ्य दिसते, फक्त तिचे कारण संदेशात म्हटले आहे त्याहून वेगळे आहे. खानापूर तालुक्यातील एका घरगुती प्रार्थनेत एका आजींनी चष्मा न लावता, मिटलेले गीतपुस्तक मांडीवर ठेवून अख्खे गीत म्हटले आणि बाकीच्यांनी झांजेवर साथ धरली. तेच गीत रविवारी देवळात झाले, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. ध्वनिवर्धक फार मोठा होता आणि पट्टी तरुण गळ्यांना सोयीची होती. दोन्ही गोष्टी गिटार न काढता सुधारता येतात. म्हणून हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना विनंती आहे, की त्यांनी येत्या रविवारी वादकांना भेटावे, पट्टी दोन स्वरांनी उतरवायला सांगावी आणि शेवटचे कडवे ध्वनिवर्धक बंद ठेवून सगळ्यांकडून म्हणून घ्यावे.