बोरघाटाचा रूट करायचा, तर 1925 सालचा करूया

ट्रेन सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर रेल्वे चालवायच्या खेळात, बोरघाट आणायचा विषय आपल्या मंडळींमध्ये अधूनमधून निघतो आणि दर वेळी चर्चा डेक्कन क्वीनपाशी येऊन थांबते. डेक्कन क्वीन मलाही जिवाभावाची आहे. पण ती 1 जून 1930 ला सुरू झाली, तीही विजेच्या इंजिनावर, आणि तोवर घाटातली सगळ्यात विलक्षण गोष्ट मोडीत निघाली होती. म्हणून माझा आग्रह असा: रूट फक्त कर्जत ते लोणावळा, आणि साल 1925. घाटात विजेच्या तारा नाहीत, कोळशाची इंजिनं आहेत आणि खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडीची दिशा उलटवायची जागा, चालू आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1863 साली घाटाची लाईन खुली केली. सुमारे 25 किलोमीटरच्या अंतरात गाडी 1,831 फूट वर चढायची. वाटेत 25 बोगदे, आणि चढ काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे पेच असा, की एका जागी चढ आवाक्यात ठेवून लाईन वळवून न्यायला डोंगराने जागाच ठेवली नव्हती. मग त्यांनी लाईन वळवलीच नाही. गाडी एका सपाट जागेवर यायची, तिथे रूळ संपायचे. इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मघाशी शेवटी असलेला डबा पुढे होऊन उरलेला चढ सुरू व्हायचा. विद्युतीकरणाच्या वेळी नवे बोगदे खोदून लाईन बदलली आणि ही सगळी खटपट संपली. प्रवाशांची सोय झाली हे खरंच, पण सिम्युलेटरवर आपल्याला हवी आहे ती नेमकी ही खटपट.

कारण इथे ड्रायव्हरची खरी परीक्षा आहे. इंजिन चिमणी पुढे करून चढत असतं तेव्हा बॉयलरमधलं पाणी मागे, फायरबॉक्सकडे, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीकडे, झुकलेलं असतं. आता तेच इंजिन न फिरवता दुसऱ्या टोकाला लावा. चिमणी उताराच्या बाजूला आली, पाणी चिमणीकडे धावलं. चार मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये अशा चढावर दोन टोकांच्या पातळीत जवळजवळ 11 सेंटिमीटरचा फरक पडतो. मघापर्यंत गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी भरपूर दिसत होतं, ते एकदम खाली जातं. फायरबॉक्सचं छत उघडं पडलं तर त्यातला सुरक्षेसाठीचा शिशाचा प्लग वितळेल, त्याहून वाईटही होऊ शकेल. म्हणजे निघण्याआधी पाणी किती भरायचं, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर केव्हा लावायचा, इंजिनाचं तोंड कुठे ठेवायचं, हे सगळं तुम्हीच ठरवायचं. एवढा विचार करायला लावणारी दुसरी कुठली लाईन मला तरी आपल्याकडे सुचत नाही.

आणि हे झालं चढताना. उतरताना तर छातीच दडपते. व्हॅक्यूम ब्रेक, मागे डब्यांचं वजन, पावसाळ्यात ओले रूळ आणि समोर धुकं. घाटातल्या कॅच सायडिंगचे, म्हणजे सुटलेली गाडी अडवणाऱ्या आडलाईनचे, सांधे मुळात आडलाईनलाच लावलेले असतात. गाडी आधी उभी करायची, शिट्टी द्यायची, मग पुढची वाट मिळते. ताबा सुटलेली गाडी आपोआप चढाच्या आडलाईनवर जाते. चुकीला जागच्या जागी शिक्षा देणारी ही व्यवस्था खऱ्या घाटातच आहे, आपल्याला वेगळं काही रचायची गरज नाही.

गाडीची दिशा बदलणं खेळाडूंना कंटाळवाणं वाटेल, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. 2001 च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये जपानची हिसात्सु लाईन होती, तिच्यात ओकोबाला गाडी अशीच मागे-पुढे करावी लागायची. ती लाईन लक्षात राहिली ती त्यासाठीच. आणि 28 किलोमीटरचा रूट लहान पडेल म्हणणाऱ्यांनी मुंबई-पुणे 192 किलोमीटर धड करायला किती राबावं लागेल याचा हिशोब करावा. अर्धवट मोठ्यापेक्षा पूर्ण झालेलं लहान मला कधीही चालेल.

खरं अवघड काम जमिनीचं आहे. फुकट मिळणारा उंचीचा डेटा साधारण 30 मीटरच्या चौकटींचा असतो. सपाटीवर तो पुरतो, पण घाटातले कडे त्यात गुळगुळीत टेकड्या होऊन जातात. नागफणी हाताने घडवावी लागेल, राजमाचीकडची दरीही. शिवाय आजच्या उपग्रह छायाचित्रात एक्सप्रेस वे आणि नवी लाईन दिसते, 1925 चा घाट नाही. जुने नकाशे समोर ठेवूनच ट्रॅक टाकावा लागेल.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने मागणार आहे. हा घाट फोडायला 1861 च्या सुमारास 40,000 हून अधिक मजूर राबत होते. कॉलऱ्याने त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सोडला नाही, काम तडीस नेलं. बर्कलीही घाट पुरा झालेला पाहायला उरले नाहीत, 1862 मध्ये वारले. रूट लोड होताना पडद्यावर इंजिनाचं चकचकीत चित्र नको, ही माहिती हवी. मजुरांची नावं आपल्याकडे नाहीत, निदान त्यांची संख्या तरी वाचली जावी.

ओपन रेल्स हा सिम्युलेटर फुकट आहे आणि वाफेच्या इंजिनाचं गणित त्यात चांगलं उतरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं. ट्रॅक टाकायचं काम मी अंगावर घेतो, सुरुवात रिव्हर्सिंग स्टेशनपासून. घाटासाठीच्या इंजिनांचं थ्रीडी मॉडेल करू शकेल असं कुणीतरी हवं आहे. आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा जीआयपीत होते त्यांनी कृपा करून ट्रंका उघडून बघा. वर्किंग टाइमटेबलचं (रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकाचं) एखादं पान, यार्डाचा नकाशा, रिव्हर्सिंग स्टेशनचा फोटो, काहीही चालेल. स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठवा, मूळ कागद घरीच राहू द्या.