माजी सैनिकाला भामटा काय फसवणार?

‘ज्यानं सीमेवर शत्रू ओळखला, त्याला फोनवरचा भामटा काय फसवणार? फसतात ते लोभी आणि अडाणी.’ हा मजकूर कौतुक म्हणून सर्रास फिरवला जातोय. मला तो घातक वाटतो, कारण तो वाचल्यावर फसवला गेलेला माजी सैनिक तोंडच उघडणार नाही.

मुळात दावाच खोटा आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एएआरपी या संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत १६ टक्के माजी सैनिकांनी फसवणुकीत पैसे गमावल्याचं आढळलं. इतरांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होतं.

शिस्तीचा माणूस फसत नाही म्हणे! भामटा तर त्या शिस्तीचाच फायदा घेतो. ‘सर, मीही तुमच्याच पलटणीतला,’ अशी सुरुवात. हुद्दा, सेवा क्रमांक, निवृत्तीचं वर्ष, सगळं बिनचूक. मग आवाज कडक होतो: ‘थकबाकी मंजूर झालीय, पाचच्या आत पडताळणी नाही झाली तर फाइल परत जाईल.’ लगेच एक अॅप टाकायला लावतो आणि फोनचा स्क्रीन त्याला दिसू लागतो. पलटणीतल्या माणसाच्या शब्दावर ज्यानं जीव सोपवलाय, त्यानं असा विश्वास टाकला तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

‘माहिती त्यानंच दिली असणार’ हेही गृहीतच. २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरून सरकारी माहिती असलेला संगणक चोरीला गेला. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं आणि जन्मतारखा होत्या. संगणक पुढे सापडला, माहिती कुणी उघडल्याचं दिसलं नाही. पण ती घराबाहेर गेली, त्यात त्या सैनिकांचा काय दोष?

राहिला लोभ. स्वतःच्या सेवेची थकबाकी मागणं हा लोभ नव्हे.

असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि पेन्शनच्या कागदावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. पैसे गेलेच, तर बँकेला त्याच क्षणी कळवावं; ते पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. नेमके हेच तास लाजेपायी वाया जातात. म्हणून घरच्यांनी ‘तुम्ही कसे फसलात?’ असं विचारत बसू नये. किती वाजता, कुठल्या खात्यातून, किती गेले, एवढं विचारून बँकेला फोन लावून द्यावा.