दोन माणसांच्या बदल्यात एक वाक्य

दर डिसेंबरात सिडनीच्या कॅफेतल्या ओलीसनाट्याचा तो फोटो पुन्हा फिरायला लागतो. कॅफेची काच, काचेवर नाताळच्या शुभेच्छा रंगवलेल्या, आणि आतून काळं निशाण धरून उभ्या केलेल्या दोन घाबरलेल्या बायका. त्याखालचा वादही ठरलेला. एक पार्टी म्हणते, धर्मांध दहशतवादी होता, सरळ बोला ना. दुसरी म्हणते, अहो, तो डोक्याने फिरलेला माणूस, त्याचा धर्माशी काय संबंध. दोन दिवस एकमेकांना अनफ्रेंड करून झालं की सगळे शांत.

यंदा मी त्या वादात कुणाच्याच बाजूने लिहिणार नाही. हा वाद पहिल्याच दिवशी त्या माणसाने आपल्याला लावून दिला होता, हे मला सांगायचंय.

ज्यांना नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १५ डिसेंबर २०१४, सोमवार. सिडनीच्या मार्टिन प्लेसमधलं लिंट कॅफे. समोर चॅनेल सेव्हनचा स्टुडिओ, जवळच रिझर्व्ह बँक, थोडं पुढे राज्याची संसद. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला मान हारोन मोनिस या इराणमधून आश्रयाला आलेल्या माणसाने नळी कापलेली बंदूक काढून १८ जणांना ओलीस धरलं. ग्राहक १०, कर्मचारी ८. आपल्याकडे बऱ्याच जणांना घटना आठवते ती ओलिसांत इन्फोसिसचा एक तरुण होता म्हणून. साडेसोळा तासांनी, रात्री दोननंतर, सगळं संपलं. कॅफेचा मॅनेजर टोरी जॉन्सन, वय ३४, याला मोनिसने गुडघ्यावर बसवून मारलं. कॅटरिना डॉसन, ३८ वर्षांची बॅरिस्टर, तीन मुलांची आई, पोलीस आत घुसताना त्यांच्याच गोळ्यांचे तुकडे लागून गेली. मोनिस मेला.

आता त्याच्या मागण्या बघा. ओलिसांकडून व्हिडिओ करून घेऊन त्याने त्या बाहेर पाठवल्या होत्या. इस्लामिक स्टेटचा झेंडा आणून दिला तर एक ओलीस सोडतो. पंतप्रधान टोनी अ‍ॅबट रेडिओवर थेट माझ्याशी बोलले तर पाच सोडतो. आणि ऑस्ट्रेलियावर इस्लामिक स्टेटचा हल्ला झालाय असं माध्यमांनी जाहीर केलं तर दोन सोडतो.

म्हणजे ‘याला काय म्हणायचं’ हा जो प्रश्न आपण फुकटात रंगवत बसलो होतो, त्याचा त्याने रीतसर भाव लावला होता. दोन जिवंत माणसं. झेंडासुद्धा त्याच्याकडे नव्हता! काचेला लावलेलं निशाण इस्लामिक स्टेटचं नव्हतंच, त्यावर नुसता कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, होता. खरा झेंडा तो पोलिसांकडे मागत होता. ज्या संघटनेच्या नावावर तो जग हलवायला निघाला होता, तिचा झेंडा त्याला पोलिसांकडून हवा होता, आणि तिकडे टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी त्या संघटनेच्या जाळ्याविषयी बोलत होती.

त्या दिवशी पसरलेल्या गोष्टी आठवतात? विमानांसाठी आकाश बंद केलंय. (नव्हतं.) शहरात ठिकठिकाणी बॉम्ब ठेवलेत, त्याचे साथीदार बाहेर आहेत. (हे तोच सांगत होता. ना बॉम्ब होते, ना साथीदार.) ऑपेरा हाउस मात्र खरंच रिकामं केलं होतं. पोलिसांच्या दोरीपाशी उभं राहून लोक सेल्फी काढत होते. घाबरलेली माणसं गाड्या बोलवू लागली तशी मागणी वाढली, आणि उबरच्या यंत्रणेने भाडं चौपट करून टाकलं. बोंब झाल्यावर कंपनीने पैसे परत दिले, शहरातून बाहेर पडणाऱ्यांना फुकट नेलं आणि नंतर माफी मागितली. माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांनी पहाटेचा रक्तरंजित शेवट फक्त आपल्याच वर्तमानपत्राने टिपला म्हणून ट्विटरवर त्याचं अभिनंदन केलं. ती माफी सोडली तर हे सगळं चोवीस तासांच्या आत.

चांगलंही घडलं, ते सोडून पुढे जाणार नाही. मोनिसने ओलिसांना रेडिओ आणि टीव्हीवाल्यांना फोन करायला लावले होते. एका मोठ्या रेडिओ निवेदकाला थेट कॅफेतून फोन आला, आणि त्याने तो प्रक्षेपित केला नाही. श्रोत्यांची संख्या गगनाला भिडली असती, तरी केला नाही. माध्यमांनी पोलिसांचं ऐकून व्हिडिओही बरेचसे दाबून ठेवले. २६/११ला आपल्या वाहिन्यांनी काय केलं आणि २०१२च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल काय सुनावलं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संयमाची किंमत वेगळी सांगायला नको.

मग तो हॅशटॅग. ‘आय विल राइड विथ यू’. बुरखा किंवा हिजाब घालून ट्रेनने, बसने जायची भीती वाटत असेल तर मी तुमच्यासोबत बसेन. काही तासांत ट्वीट लाखाच्या पुढे. त्याची सुरुवात ज्या फेसबुक पोस्टमधून झाली, तिच्या लेखिकेने पुढे कबूल केलं की ट्रेनमधला प्रसंग सांगताना आपण पदरचं बरंच घातलं होतं. झालं! उजव्या बाजूच्या स्तंभलेखकांना वर्षभराचं खाद्य मिळालं. त्यांचा दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटला. आत माणसं बंदुकीच्या टोकावर आहेत, आणि बाहेर आपण किती उदार आहोत हे एकमेकांना दाखवणं चाललंय.

तरी मी हॅशटॅगच्या बाजूची आहे, आणि कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या रात्री कुणाही मुस्लिम बाईला ट्रेनमध्ये धक्काबुक्की झाली असती, तर त्यातून आतल्या एकाही ओलिसाचं भलं होणार नव्हतं. आणि त्या समाजाने मोनिसला कधीच जवळ केलं नव्हतं. स्वतःला शेख म्हणवणाऱ्या या माणसाला आपल्यातलं कुणी ओळखत नाही, याची चौकशी करा, असं शिया समाजातल्या पुढाऱ्यांनी कितीतरी वर्षं आधी सरकारला सांगितलं होतं. मोटारसायकलवाल्यांच्या एका टोळीत घुसायचा प्रयत्नही त्याने केला. तिथूनही हाकललं. हल्ल्याच्या थोडं आधी शिया पंथ सोडून सुन्नी झाल्याचं त्याने जाहीर केलं, कारण शियांना शत्रू मानणाऱ्या इस्लामिक स्टेटचं नाव वापरायचं तर शिया राहून चालत नाही.

इथे आमच्यातले काही म्हणतील, बघा, म्हणजे तो ढोंगी होता, दहशतवादी नव्हे. थांबा. या मृत्यूंची न्यायालयीन चौकशी करणारे अधिकारी, म्हणजे कॉरोनर, मायकल बार्न्स यांचा अहवाल मे २०१७ मध्ये आला, त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. तो खरोखर त्या संघटनेसाठी लढत होता की तिची दहशत स्वतःच्या नावासाठी उसनी घेत होता, हे नक्की सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मध्यपूर्वेतल्या युद्धाबाबत सरकारवर, लोकमतावर दबाव आणायला त्याने टोकाची हिंसा वापरली, म्हणून हा दहशतवादच. तो भ्रमिष्ट नव्हता, काय करतोय हे त्याला कळत होतं. तेव्हा ‘बिचारा मनोरुग्ण’ म्हणणाऱ्यांनीही आता ते सोडावं. मनोरुग्णांनी त्यांचं काय घोडं मारलंय, की असला प्रत्येक खुनी त्यांच्या खात्यात जमा व्हावा?

गंमत म्हणजे सरकारने कायदेशीररीत्या या घटनेला दहशतवादी घटना जाहीर केलं ते जानेवारी २०१५ मध्ये, अर्थमंत्र्यांनी, विम्यासाठी. तसं जाहीर केलं नसतं तर विमा कंपन्यांनी दहशतवादाचं कलम दाखवून आसपासच्या दुकानदारांचे दावे नाकारले असते. लोक महिनाभर ज्या शिक्क्यासाठी भांडत होते, तो शेवटी दुकानांची भरपाई मिळावी म्हणून कामाला आला.

आता मला ज्यासाठी ही पोस्ट लिहायची होती ते.

कॅफेत शिरला त्या सकाळी मोनिस जामिनावर बाहेर होता. कशातल्या जामिनावर? एप्रिल २०१३ मध्ये त्याच्या आधीच्या बायकोला पश्चिम सिडनीतल्या एका इमारतीच्या जिन्यात भोसकून पेटवून दिलं गेलं. त्या खुनात सामील असल्याचा आरोप त्याच्यावर होता, आणि त्यात त्याला डिसेंबर २०१३ मध्ये जामीन मिळाला. (खून प्रत्यक्ष करणारी त्याची तेव्हाची जोडीदारीण २०१६ मध्ये दोषी ठरली.) त्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप, चाळीसपेक्षा जास्त. आध्यात्मिक उपचार करतो अशा जाहिराती द्यायचा, अडचणीतल्या बाया यायच्या, पुढचं मी लिहीत नाही. यातले बहुतेक आरोप ऑक्टोबर २०१४ मध्ये दाखल झाले. तेव्हाही त्याला आत टाकलं नाही, कोर्टात हजर राहण्याची नोटीस दिली. दोन महिन्यांनी कॅफे.

शिवाय अफगाणिस्तानात मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना घाणेरडी पत्रं पाठवल्याबद्दल त्याला शिक्षा झालेली होती. त्या खटल्यातली त्याची शेवटची धडपड हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फेटाळली ती १२ डिसेंबरला, शुक्रवारी. मधे शनिवार, रविवार.

आणि ९ ते १२ डिसेंबर या चार दिवसांत राष्ट्रीय सुरक्षा हॉटलाइनवर त्याच्याविरुद्ध १८ फोन आले होते. सगळे त्याच्या फेसबुक पेजबद्दल. त्या पेजला १४ हजारांवर लाइक होते. गुप्तचर खात्याने, पोलिसांनी पेज पाहिलं, आणि हल्ला करेल असं त्यात काही दिसत नाही असं ठरवलं. पेजवर दिसत नव्हतंच. ते कोर्टाच्या कागदांत होतं.

सुरक्षा खात्याची फाइल वेगळी, खुनाची वेगळी, लैंगिक गुन्ह्यांची वेगळी. राजकीय हिंसा करेल का, हे तपासणाऱ्यांच्या नजरेत बायकांवरचे अत्याचार त्या वजनाने आलेच नाहीत. ते ‘खासगी’. घरातली बाब, संबंधांतली बाब. त्याच माणसाने निशाण हातात घेतलं तेव्हा तो राष्ट्राचा शत्रू झाला. बाईला जाळल्याचा आरोप होता तेव्हा तो जामीन मिळू शकणारा आरोपी होता.

आपल्या प्रतिक्रियाही त्याच फायलींच्या हिशेबाने निघाल्या. निशाणावर हजारो पोस्ट. त्या जिन्यावर किती? मी तेव्हा माझ्या यादीत एकही पाहिली नाही.

एक मैत्रीण मला नेहमी म्हणते, तू असं लिहून विचारधारेला मोकळं सोडतेस. उलट आहे गं. एकट्याने हल्ला करणाऱ्याला प्रशिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही, वरून आदेशही लागत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या प्रवक्त्याने पाश्चात्त्य देशांतल्या समर्थकांना जाहीर आवाहन केलं होतं, त्यात ऑस्ट्रेलियाचं नाव होतं. जमेल तसं, जमेल त्याने मारा. असं आवाहन ऐकून कोण उठतो? पुष्कळदा असाच, ज्याने आधी घरातल्या बाईवर हात टाकलेला असतो. विचारधारा त्याला भव्य कारण देते, आणि संघटनेला न मागता एक सैनिक मिळतो. मोनिस मेल्यावर त्यांच्या मासिकाने त्याचं कौतुक छापलंच की. मग अशा माणसाला थांबवायची सोपी जागा कुठली, त्याचं मन की त्याचा जामीनअर्ज?

आणि सवय काही गेलेली नाही. १३ एप्रिल २०२४, सिडनीतलाच बाँडाय जंक्शन मॉल. एकाने सुऱ्याने सहा जणांना मारलं. पोलिसांनी नाव सांगायच्या आत नेटवर दोन ‘निकाल’ लागले. एक म्हणजे तो मुस्लिमच, दुसरा म्हणजे तो ज्यूच. एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव तर एका वाहिनीने प्रक्षेपणात घेतलं. निघाला वेगळाच माणूस, जुना मानसिक आजार असलेला, उपचार सुटलेला. मेलेल्यांत पाच बायका, आणि सहावा मॉलचा सुरक्षारक्षक, पाकिस्तानातून आलेला निर्वासित. हल्लेखोर बायकांनाच शोधून मारत होता, हे व्हिडिओत उघड दिसतंय असं पोलीस आयुक्त दोन दिवसांनी म्हणाल्या. त्यावरची चर्चा किती टिकली, आठवून बघा. त्याच दिवशी त्याच शहरात चर्चमध्ये बिशपवर हल्ला झाला, तो लगेच दहशतवादी घटना जाहीर झाला, आणि सगळे पुन्हा ओळखीच्या भांडणावर परतले.

लिंट कॅफेबाहेरच्या पोलिसांबद्दल एक राहिलं. रात्री २:०३ला काही ओलीस पळाले तेव्हा मोनिसने पहिली गोळी झाडली. पोलीस आत गेले ते २:१४ला, टोरी जॉन्सनला मारल्यावर. ते थांबणं चुकलं, पहिल्या गोळीनंतरच आत जायला हवं होतं, असं कॉरोनर स्पष्ट म्हणाले. नंतर राज्याने कायदा बदलून पोलिसांना गोळी घालण्याचे जास्त अधिकार दिले. त्या दहा-अकरा मिनिटांवर मेलेल्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले, भर कोर्टात. तेही आपल्या ट्रेंडमध्ये कधी आलं नाही.

कॉरोनरचा अहवाल इंटरनेटवर आहे, फुकट आहे, जाडजूड आहे. यंदा कुणी तो फोटो टाकला तर मी खाली त्याची लिंक टाकणार आहे. जामिनाचं प्रकरण आधी वाचा, निशाणाचं नंतर. कमेंटमध्ये शिव्या दिल्या तर डिलीट करीन, वाचून भांडायला आलात तर वेळ काढून उत्तर देईन.