आठ बाय चारचा समुद्र

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कारखान्यात आहे. देवगड तालुक्यातलं आमचं कौलारू सामाईक घर त्याच्या हिशेबी आता 'परदेशातलं घर' झालंय. तिकडच्या घरामागे त्याने आठ मीटर लांब, चार मीटर रुंद स्विमिंग पूल बांधला. तिथला नियम असा, की दहा ते शंभर चौरस मीटरचा पूल असेल तर नगरपालिकेला आधी तसं लेखी कळवायचं आणि महिनाभर थांबायचं. महिन्यात नगरपालिका काही बोलली नाही, तर तिची हरकत नाही असं धरतात. दादाने कळवलं, नगरपालिका गप्प बसली, दादा पोहायला लागला.

"तसाच एक आपल्या आगरात टाकू. तू फक्त परवानगी काढ," असं म्हणून त्याने कुलमुखत्यारपत्र धाडलं. फक्त!

पहिला मुक्काम सातबारा. आमचे आजोबा 1974 साली वारले, पण सातबारावर ते अजून ठणठणीत आहेत. सोबत त्यांचे दोन भाऊ आणि एक बहीण. वारस नोंद करायला कोणाला सवड झाली नाही, कारण आंबे वाटून घ्यायला सातबारा लागत नाही. तलाठी (यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण हाक तलाठीभाऊ अशीच जाते) शांतपणे म्हणाले, "आधी वारस लावा, मग सगळ्यांची संमती आणा." वारस लावायला घेतल्यावर कळलं, की आमचं घराणं लालबागपासून बडोद्यापर्यंत पसरलंय आणि त्यातल्या निम्म्यांचं उरलेल्या निम्म्यांशी बोलणं नाही.

तरी सह्या येऊ लागल्या. बडोद्याच्या आत्याने अट घातली, की मे महिन्यात पूल तिच्या नातवंडांचा. एका पुतण्याने संमतीपत्रावर हिस्सा आठ आणे असं लिहून पाठवलं. पाण्याचे की जमिनीचे, ते लिहिलं नाही. लालबागची काकी तेवढी गप्प. फोन केला की म्हणते, "बघूया हां." ही बघूया हां काकांच्या लग्नापासून चालू आहे.

दरम्यान सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे सरकारी नियम. दादाला पूल हवा घरापुढे, माडांमधून समुद्र दिसेल असा. ज्याची कड दिसत नाही आणि पाणी थेट क्षितिजाला टेकतं, तसला. पण भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. 2019च्या अधिसूचनेने ही हद्द दाट वस्तीच्या गावांसाठी पन्नास मीटरवर आणली आहे. दाट म्हणजे 2011च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी 163. गणपतीत आमच्या एका खळ्यात याहून जास्त माणसं जेवतात, पण जनगणनावाले चतुर्थीला येत नाहीत. खरं सांगायचं तर हा नियम मला पटतो. पुळणीवर उद्या कोणीही उठून खड्डे काढले तर माडांनी जायचं कुठे? दादाला मात्र हे फोनवर पटवणं कठीण गेलं.

मोजणी झाली. दोनशे मीटरची रेषा नेमकी आमच्या पडवीतून, तांदळाच्या कणगीशेजारून गेली. म्हणजे समुद्राकडची बाजू गेली आणि राहिली मागची परसबाग. तिथे अर्ज करून पाहता आला असता, पण पाणी ज्या कडेवरून क्षितिजाला टेकायचं, तिथे शेजाऱ्यांचा गोठा आहे. दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गोठासुद्धा छान दिसतो रे. ऑथेंटिक." फ्रान्समध्ये माणूस असा होतो.

शेजारचे काका गडग्यावर हात टेकून सगळी मोजणी बघत होते.

"समोर एवढो दर्या आसा, तो पुरना नाय तुमच्या दादाक?"

मी हसलो.

"बरां, पाणी खंयचा घालतलस?"

यावर मला हसता आलं नाही. दीड मीटर खोली धरली तर पूल भरायला 48,000 लिटर पाणी. पावसाळ्यात आमच्याकडे तीनेक हजार मिलिमीटर कोसळतो, पण खाली जांभा. सगळं पाणी त्यातून झिरपून दर्याला मिळतं आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. बरं, भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत विहिरीतून पाणी काढण्यावरही बंधनं आहेत. पिण्यासाठी, बागायतीसाठी, शेतीसाठी, मासेमारीसाठी असा उल्लेख आहे. डुंबण्यासाठी असं कुठे लिहिलेलं नाही. उरला टँकर. वाडीतल्या बायका हंडे घेऊन नळाशी उभ्या आणि आमच्याकडे पाच टँकर रिकामे होतायत, हे चित्र नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी मला घाम फुटला.

"गुपचूप खणू या. कोणाला कळतंय?" धाकट्या भावाने सुचवलं. यावर दादाच ओरडला. 2022मध्ये फ्रान्सच्या करखात्याने आकाशातून घेतलेल्या फोटोंवर संगणक बसवून वीस हजारांहून जास्त न कळवलेले पूल शोधून काढले म्हणे. त्यासाठी आकाशात जावं लागलं, याचं मला नवल वाटलं. आमच्याकडे पाणंदीच्या तोंडाशी विड्या वळत बसणारी म्हातारी पुरते; नवा चिरा उतरला की ती संध्याकाळच्या आत ग्रामपंचायतीत पोचते.

शेवटी घरच्यांनी ठरवलं, देवाला विचारू. जमिनीला पहार लावायची म्हणजे ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय नाही, हे दादालाही मान्य होतं. त्याने व्हिडिओ कॉल लावून ठेवायला सांगितलं. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. फ्रान्स, आठ बाय चार, सीआरझेड, सगळं त्यात आलं. आम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणालो, तुलूझहूनही एक उशिरा आलेला व्हय म्हाराजा ऐकू आला. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

कोणताच पडेना. समया फडफडल्या, कोणाचा तरी पाय अवघडला, फोनची बॅटरी लाल झाली. कळे चिकटलेले ते चिकटलेलेच.

"देव गप आसा," गुरव म्हणाले.

फोनमधून दादाचा आनंदी आवाज आला, "गप्प? मग झालं की काम! महिनाभर थांबायचं फक्त."

त्याच संध्याकाळी लालबागच्या काकीला पुन्हा फोन केला. म्हणाली, "देव काय म्हणालो ता आधी सांग. मगे बघूया हां."