प्रात्यक्षिकाला संशोधन म्हणू नये

जीवशास्त्र आणि कृषी या शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांची माहितीपत्रके हल्ली 'प्रत्यक्ष संशोधनातून शिक्षण' या शब्दांनी सजलेली असतात. कल्पना उत्तम आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. तक्रार आहे ती तिच्या नावाखाली जे चालते त्याबद्दल. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखणे किंवा मातीचा सामू मोजणे ही प्रात्यक्षिके आवश्यकच आहेत, कारण त्यांच्यावाचून हाताला वळण लागत नाही. परंतु त्यांचे उत्तर आधीच ठरलेले असते, आणि ज्याचे उत्तर जुळत नाही तो विद्यार्थी निमूटपणे शेजाऱ्याच्या जर्नलात डोकावतो. ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही असा एक तरी प्रश्न, अगदी लहान का होईना, पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला आला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. पीएच.डी. करणाऱ्या एखाद्याच्या प्लॉटमध्ये जाऊन शेंगा मोजायच्या, पानांची लांबी-रुंदी टिपायची, आकडे त्याच्या स्वाधीन करायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे. या कामाला मी हलके लेखत नाही. मात्र कोणती ट्रीटमेंट (म्हणजे तपासायचे खत, औषध किंवा वाण) कोणत्या वाफ्यात जाईल, तिच्या पुनरावृत्ती किती असतील, म्हणजे ती किती स्वतंत्र वाफ्यांत दिली जाईल, आणि नेमके काय मोजायचे, हे ठरवताना ज्याला कोणी विचारलेही नाही, त्याने संशोधन केले असे म्हणणे म्हणजे बिनपगारी मजुरीला दिलेले गोंडस नाव आहे.

शेतावरचा प्रयोग स्वतः आखावा लागला की पहिला धडा जमीनच देते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन संस्थेत मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाचे ५०० समान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे धान्य वेगळे तोलले आणि ते आकडे १९११ मध्ये प्रसिद्ध केले. पीक तेच, शेत तेच, मशागतही सर्वत्र सारखीच. तरीसुद्धा एका तुकड्याचे उत्पादन २.७३ पौंड होते, तर दुसऱ्याचे ५.१६ पौंड, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता अशा शेतात कोणी एका तुकड्याला नवे खत घातले आणि दुसऱ्याला घातले नाही, तर त्या दोहोंमधील फरक खताचा की मातीचा, हे कोणत्या आधारावर सांगणार? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये याच संस्थेत रुजू झाले आणि ट्रीटमेंटची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी, प्रत्येकीची पुनरावृत्ती करावी, शेताचे शक्यतो सारखे गट पाडावेत, ही शिस्त त्यांनी तेथे घडवली. आज जगभरचे विद्यार्थी ती संख्याशास्त्राच्या तासाला सूत्र म्हणून पाठ करतात. माझ्या मते कृषीच्या प्रत्येक तुकडीला एकदा तरी कोणतीही ट्रीटमेंट न देता एक शेत पेरायला लावावे आणि तुकड्यातुकड्याने कापणी करून त्या जमिनीचा चढउतार कागदावर उतरवून घ्यावा. त्यात नवा शोध लागणार नाही, पण त्या शेताविषयीची जी माहिती हाती येईल ती त्याआधी कोणाजवळही नव्हती, हे मात्र खरे असेल.

कुंड्यांमधील प्रयोगांतही हीच गफलत वेगळ्या रूपाने भेटते. एका कुंडीत दहा रोपे लावून ती दहा पुनरावृत्ती म्हणून मोजली जातात. वस्तुतः त्या दहांनाही एकच माती, एकच पाणी आणि एकच कोपरा मिळालेला असतो, त्यामुळे ती पुनरावृत्ती एकच ठरते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातील प्रसिद्ध निबंध तपासून हा दोष चव्हाट्यावर आणला, तेव्हा भले भले संशोधक त्यात सापडले होते. मग विद्यार्थी चुकतो यात नवल ते काय! कुंड्या मांडण्यापूर्वी कोणीतरी त्याच्यासमोर बसून हा प्रश्न काढला पाहिजे, कारण कापणीनंतर काढून उपयोग नसतो.

रोगाची तीव्रता ठरवतानाही असेच होते. ० ते ९ या मापावर एकाच पानाला दोन विद्यार्थी वेगवेगळे अंक देतात, आणि कोणत्या वाफ्यावर औषध फवारले आहे हे ठाऊक असेल तर नजर नकळत त्या वाफ्याच्या बाजूने झुकते. म्हणून वाफ्यांना केवळ क्रमांक द्यावेत आणि कोणत्या क्रमांकाला काय दिले याची यादी नोंद घेणाऱ्यापासून दूर ठेवावी. हे शिकवायला महागडे यंत्र लागत नाही.

यंत्रांपेक्षा मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. सत्र संपते तेव्हा पुष्कळ पिके अजून उभीच असतात. सत्रात प्रवेश, सबमिशन आणि परीक्षा बसवल्या की पेरणीपासून कापणीपर्यंतचा सलग काळ उरतच नाही, आणि मग विद्यार्थी उगवण पाहतो पण दाणा भरताना पाहत नाही. यावर दोन उपाय मला व्यवहार्य वाटतात. एक म्हणजे कमी अवधीचे सजीव निवडणे: २५ अंश सेल्सिअसला फळमाशीची पिढी साधारण दहा दिवसांत पुरी होते, आणि अरॅबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती बीपासून बीपर्यंतचा प्रवास सुमारे दीड ते दोन महिन्यांत आटोपते. दुसरा उपाय मला अधिक आवडतो, तो म्हणजे कायमस्वरूपी प्लॉट राखून प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीच्या नोंदींत आपली भर घालणे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारातील मॉरो प्लॉट्स हे प्रायोगिक शेत १८७६ पासून चालू आहे, आणि त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधले गेले. मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी बिया किती वर्षे जिवंत राहतात हे पाहण्यासाठी १८७९ मध्ये बियांच्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यांतील एक २०२१ मध्ये काढली, तेव्हाही काही बिया उगवल्या. ज्याने सुरुवात केली त्याला शेवट पाहायला मिळणार नाही, हे अशा प्रयोगांत आधीच मान्य केलेले असते, आणि त्यामुळे नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशाच लिहाव्या लागतात.

शिक्षकांवरील भाराचा आक्षेप मला मान्य आहे. साठ विद्यार्थ्यांना साठ प्रश्न देणे कोणालाच जमणार नाही. चार-पाच जणांचा गट आणि गटाला एक प्रश्न, एवढे पुरे. पदवीच्या पातळीवर निबंध छापून आणण्याची सक्ती मात्र नको. तिने घाई वाढते, आणि 'फरक आढळला नाही' हा निष्कर्ष लपवला जातो.

गुण देण्याची पद्धत बदलली तर यातले बरेचसे आपोआप सुधारेल. निम्मे गुण पेरणीपूर्वी लिहिलेल्या आराखड्याला आणि शेतावरच नोंदलेल्या कच्च्या वहीला असावेत, तिच्यावर मातीचे डाग असले तरी चालेल. आराखडा चोख असेल तर ट्रीटमेंटचा परिणाम शून्य निघाल्याबद्दल एकही गुण कापू नये. आणि व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी परीक्षकाने 'निष्कर्ष काय?' हे शेवटी विचारावे. आधी कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी ट्रीटमेंट न देता ठेवलेला, वाफा कोठे होता आणि तो तेथेच का होता, हे विद्यार्थ्याला सांगू द्यावे.